रात्रीची घूं-घूं व तिचा माग

रात्रीं जेवणें आटोपलीं, गुरें दावणीला रवंथ करीत बसलीं आणि दिवे मालवले कीं, पुष्कळ वेळां एखाद्याच्या कानीं एक मंद, एकसुरी आवाज पडतो. दूर कोठें तरी मोठें जातें फिरत असावें तसा तो घूं-घूं करीत राहतो. उठून अंगणांत यावें तर तो नाहींसा झाल्यासारखा वाटतो. पुन्हां अंथरुणाला पाठ टेकावी तर अगदीं उशाशींच आहे असें वाटतें. घरांतील दुसऱ्या माणसास विचारावें तर तें म्हणतें, "मला तर कांहीं ऐकूं येत नाहीं." मग कोणी म्हणतो, ऐकणाऱ्याचें डोकें फिरलें. कोणी म्हणतो, हा शेजाऱ्याचा पंप, मुद्दाम चालूं ठेविला आहे. कोणी म्हणतो, माळावरच्या म्हसोबाचें कांहीं चुकलें. या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे : तपासाच्या आधींच निकाल दिलेला आहे.

आमची उभी चाकरी महसूल खात्यांत लेखणी चालविण्यांत गेली. बांधाच्या व शिवेच्या तंट्यांचीं प्रकरणें आमच्या हातांखालून पुष्कळ गेलीं. त्यांवरून आमचें असें मत झालें आहे कीं, तंटा चिघळतो तो बहुधा जमिनीच्या तुकड्यापायीं नसून मोजणीच्या आधीं मनाशीं धरून ठेवलेल्या निकालापायीं चिघळतो. रात्रीच्या आवाजाचेंहि तसेंच आहे. ज्याची झोंप रात्रीमागून रात्र मोडते तो दिवसां यंत्रावर बसला तर हातपाय गमावण्याची भीति असते. ज्याच्यावर आळ येतो तो शेजारी कायमचा दुरावतो. आणि ज्याचें म्हणणें कोणी खरें मानीत नाहीं तो मनानें खचतो. म्हणून या विषयाचा विचार थट्टेवारी न नेतां करणें अवश्य आहे. प्रथम परदेशांतील एक पूर्ण तपास झालेलें प्रकरण सांगून मग आपल्या शिवाराकडे वळूं.

विंडसर शहराचें प्रकरण

कॅनडा देशांत ऑंटेरियो प्रांताच्या दक्षिण टोंकाशीं विंडसर नांवाचें दोन लाखांवर वस्तीचें शहर आहे. पलीकडच्या तीरावर अमेरिकेचें डेट्रॉइट शहर. दोहोंच्या मधून डेट्रॉइट नदी वाहते, आणि दोन राष्ट्रांची शीव त्या नदीच्या पात्रांतूनच जाते. सन २०११ मध्यें विंडसरच्या पश्चिम भागांतील लोक तक्रार करूं लागले कीं, रात्रींबेरात्रीं एक खोल घुमारा ऐकूं येतो. घराबाहेर एखादी मोठी मालमोटार इंजिन चालूं ठेवून उभी असावी तसा. कोणाच्या खिडक्या थरथरत, कोणाचीं कुत्रीं बेचैन होत. कांहींस तो ऐकूं येई, त्याच घरांतील कांहींस येत नसे. एके रात्रीं तो मोठा असे, दुसऱ्या रात्रीं मुळींच नसे. २०१२ मध्यें या विषयावर दूरध्वनीवरून जी जाहीर सभा भरविली गेली, तींत वीस हजारांहून अधिक लोक सामील झाले. एवढ्या लोकांस एकाच वेळीं भास होतो असें म्हणण्याची सोय मग उरली नाहीं.

तपासाचा पहिला धागा भूकंपाच्या जाणकारांनीं दिला. कॅनडाच्या सरकारी भूशास्त्रज्ञांनीं २०११ सालींच भूकंपमापक यंत्रें वापरून पाहिलें, तेव्हां रोख नदीपलीकडच्या झुग बेटाकडे निघाला. हें बेट अमेरिकेच्या मिशिगन राज्यांत, रिव्हर रूज नांवाच्या गांवाच्या हद्दींत आहे. शंभरांहून अधिक वर्षें तेथें लोखंड गाळण्याच्या झोतभट्ट्या चालत आल्या होत्या, आणि त्या वेळीं त्या युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीच्या ताब्यांत होत्या.

पण रोख मिळणें निराळें आणि शाबित होणें निराळें. २०१३ मध्यें कॅनडाच्या सरकारनें विंडसर विद्यापीठ व वेस्टर्न ऑंटेरियो विद्यापीठ यांतील अभ्यासकांकडे हें काम सोंपविलें. त्यांच्या रीतीचें मर्म आपल्याकडील मोजणीच्या कामावरून चांगलें समजेल. मोजणीदार एका ठिकाणीं फलक मांडून दूरच्या झाडाकडे रोख धरतो, मग दुसऱ्या ठिकाणीं जाऊन पुन्हां त्याच झाडाकडे रोख धरतो. दोन रेषा जेथें छेदतात तेथें झाड. त्याच न्यायानें, अंतराअंतरावर ठेवलेल्या ध्वनिग्राहक यंत्रांपैकीं कोणत्या यंत्रापाशीं लाट आधीं पोंचली व कोणत्यापाशीं मागाहून, हा सेकंदाच्या अल्पांशाचा फरक मोजून लाट कोणत्या दिशेनें आली हें काढतां येतें. कानास न कळणारा फरक यंत्रास कळतो. २०१४ च्या मे महिन्यांत अहवाल प्रसिद्ध झाला. घुमारा खरा आहे, त्याची कंपनसंख्या सेकंदास सुमारें ३५ आहे, आणि झुग बेटावरील भट्ट्यांचें काम हेंच त्याचें सर्वांत संभवनीय उगमस्थान आहे, असा त्यांचा निर्णय होता. मात्र बेटावर जाऊन प्रत्यक्ष यंत्रापाशीं मोजणी करण्याची संधि अभ्यासकांस मिळाली नव्हती, म्हणून नेमकें कोणतें यंत्र हें त्यांस सांगतां आलें नाहीं. कॅनडाच्या अधिकाऱ्यांचा हुकूम नदीच्या मध्यापर्यंतच चाले. आवाजास मात्र शिवेचा दगड दिसत नव्हता.

असा पांच-सहा वर्षें गाडा अडून राहिला. त्या काळांत तेथील कित्येक रहिवाशांनीं कंटाळा न करितां रोजच्या रोज नोंदी ठेविल्या : आज आवाज होता कीं नव्हता, किती वाजतां, किती जोराचा. पुढें २०१९ च्या डिसेंबरांत कंपनीनें त्या कारखान्यांतील बराचसा भाग बंद ठेवण्याचें जाहीर केलें, आणि २०२० च्या एप्रिलाच्या सुमारास बेटावरील भट्ट्या थंड झाल्या. त्याबरोबर विंडसरकरांचा घुमाराहि थांबला. नऊ वर्षें ज्या गोष्टीसाठीं वाद चालला, तिचा शेवटचा पुरावा यंत्र बंद पडल्यानें मिळाला. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. संशयित यंत्र बंद करितांच आवाज थांबतो व चालूं करितांच सुरू होतो, याहून बळकट पुरावा या कामांत दुसरा नाहीं. विंडसरच्या लोकांस तें यंत्र बंद करून पाहण्याचा अधिकार नव्हता. आपल्या गांवांत तो बहुधा शेजाऱ्याच्या एका शब्दावर मिळतो.

मंद आवाज फसवितो कां?

आवाज म्हणजे हवेंतून धांवणाऱ्या लाटा. त्यांचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर. सेकंदाला ३५ कंपनें असणाऱ्या आवाजाची एकेक लाट जवळजवळ १० मीटर लांब पडते. पांखराच्या किलबिलीची लाट कांहीं बोटांचीच असते. या लांबीमुळेंच पुढील सर्व घोटाळे होतात.

पहिला घोटाळा भिंतींचा. दूरून वरात येत असली म्हणजे सनई व ताशा ऐकूं येण्यापूर्वीं ढोल ऐकूं येतो, हा सर्वांचा अनुभव आहे. बारीक सूर झाडें, भिंती व खुद्द हवाहि शोषून घेते; जाड सूर यांतून सहज पार होतो. म्हणून दारें-खिडक्या लावल्या असतां बाहेरचे इतर आवाज कमी होतात व घूं-घूं तेवढी उरते. ऐकणाऱ्यास वाटतें, आवाज घरांतच आहे.

दुसरा घोटाळा दिशेचा. आवाज कोणीकडून आला हें आपणांस कळतें तें बहुतांशीं दोन कानांपाशीं पोंचणाऱ्या आवाजांतील फरकावरून. दोन कानांमधील अंतर वीतभराचें. १० मीटर लांबीची लाट दोहोंवर जवळजवळ सारखीच येऊन आदळते. त्यामुळें दहा माणसें दहा दिशा दाखवितात, आणि जो तो आपल्या मनांतल्या संशयिताच्या घराकडे बोट करितो.

तिसरा घोटाळा खोलीचा. न्हाणीघरांत गुणगुणूं लागलें असतां एखादा ठराविक सूर अचानक भरदार घुमतो. लाटेची लांबी व खोलीची लांबी यांचा मेळ बसला कीं, भिंतीवरून परतणारी लाट येणाऱ्या लाटेंत मिळून कांहीं जागीं आवाज दुणावतो व कांहीं जागीं तो जवळजवळ नाहींसा होतो. म्हणून पलंगाच्या डोक्याकडे निजणाऱ्यास तो ऐकूं येतो व चार हातांवर उभ्या असणाऱ्यास येत नाहीं. दोघेहि खरें बोलत असतात.

चौथा घोटाळा रात्रीचा. निरभ्र व निवांत रात्रीं जमीन लवकर निवते व तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षां थंड होते. ऊन हवेंत आवाजाचा वेग अधिक असल्यानें वर जाणाऱ्या लाटा वांकून पुन्हां जमिनीकडे येतात. पौष-माघांत पहांटे दोन-तीन कोसांवरची आगगाडी जवळून गेल्यासारखी ऐकूं येते, ती यामुळेंच. दिवसाचा इतर गलबलाहि त्या वेळीं नसतो. यंत्र दिवसभर चालत असलें तरी त्याची चाहूल रात्रींच लागते, याचें कारण हें आहे.

तीन गांवें, तीन निकाल

प्रत्येक तपासाचा शेवट विंडसरसारखा होतोच असें नाहीं. अमेरिकेंतील तीन ठिकाणांचे निकाल तुलनेसाठीं पुढें देतों.

इंडियाना राज्यांतील कोकोमो या गांवीं १९९९ पासून अशाच तक्रारी येऊं लागल्या. नगरपालिकेनें पैसे मंजूर करून ध्वनितज्ज्ञ जेम्स कोवन यांजकडून तपास करविला, व २००३ मध्यें अहवाल आला. दोन उगम सांपडले : मोटारींचे भाग ओतणाऱ्या एका कारखान्याच्या शीतक मनोऱ्यावरील पंखे, यांची कंपनसंख्या सेकंदास ३६, आणि दुसऱ्या एका धातूच्या कारखान्यांतील हवा दाबणाऱ्या यंत्राचें शोषणमुख, याची कंपनसंख्या १०. दोहोंवर उपाय केले गेले. तरी कांहीं तक्रारदार म्हणतच राहिले कीं, आमचा आवाज गेला नाहीं. यावरून दिसतें कीं, एका गांवांत एकाच नांवाखालीं दोन-तीन निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या असूं शकतात, आणि एक उगम सांपडला म्हणून प्रकरण निकालांत काढतां येत नाहीं.

न्यू मेक्सिको राज्यांतील टाओस या गांवीं १९९३ मध्यें मोठमोठ्या सरकारी प्रयोगशाळांचे व न्यू मेक्सिको विद्यापीठाचे शास्त्रज्ञ जमले. १४४० रहिवाशांस प्रश्न विचारले, तेव्हां सुमारें २ टक्के लोकांस आवाज ऐकूं येतो असें आढळलें. ऐकणाऱ्यांस यंत्रावर निरनिराळे सूर ऐकवून 'तुमचा आवाज यांपैकीं कोणता' असें विचारतां प्रत्येकानें निराळाच सूर दाखविला. ते सूर सेकंदास ३२ पासून ८० कंपनांपर्यंत पसरलेले होते. बाहेर मांडलेल्या यंत्रांत मात्र या आवाजाशीं जुळणारें कांहीं उमटलें नाहीं, व उगम सांपडला नाहीं. शास्त्रज्ञांनीं तसें स्पष्ट लिहून दिलें. ऐकणाऱ्यांस त्यांनीं खोटें ठरविलें नाहीं, किंवा रिकाम्या हातानें परत जाणें बरें दिसत नाहीं म्हणून कोणाच्या माथीं दोषहि मारला नाहीं. तपासणाऱ्यानें घ्यावा असा हा धडा आहे.

तिसरें ठिकाण कॅलिफोर्नियांतील सॉसालिटो. तेथें खाडींत नांगरलेल्या घरनौकांत पुष्कळ लोक राहतात. १९८० नंतरच्या दशकांत उन्हाळ्याच्या रात्रीं त्यांस असा घुमारा ऐकूं येई कीं निजणें कठीण होई. संशय सांडपाण्याच्या पंपांपासून आरमाराच्या गुप्त प्रयोगांपर्यंत सर्वांवर गेला. शेवटीं उगम निघाला मासा! मिडशिपमन नांवाच्या जातीचा नर विणीच्या हंगामांत उथळ पाण्यांत दगडाखालीं घरटें करितो व मादीस बोलावण्यासाठीं पोटांतील हवेच्या पिशवीचे स्नायु सेकंदास सुमारें शंभर वेळां हालवून गुणगुणतो. एकदां लागलेला सूर तासभरहि तुटत नाहीं. नौकेचें पोकळ पोट त्या सुरास ढोलासारखें साथ देई. हंगाम, वेळ व जागा यांच्या नोंदी असल्या म्हणजे असला धनीहि सांपडतो.

आपल्या शिवारांतील उगम

आपल्याकडे असा आवाज ऐकूं आला तर प्रथम जवळचीं व साधीं कारणें पाहावीं. त्यांतील कित्येक अशीं आहेत कीं, त्यांचा शोध लागल्यानें झोंपेहून अधिक किंमतीची वस्तु वांचते.

विजेची मोटर हें पहिलें कारण. शेतीपंपांस आळीपाळीनें दिवसां व रात्रीं वीज मिळत आली आहे; रात्रीं कोण उठतो म्हणून पुष्कळ जण स्टार्टरला ऑटो बसवितात, म्हणजे वीज आली कीं मोटर आपोआप सुरू होते. तीन फेजांपैकीं एक गेलेली असतां मोटर सुरू करूं पाहिली, तर ती फिरत नाहीं, नुसती हुंकारत राहते. तींतून भलताच जास्त प्रवाह वाहतो व थोड्याच वेळांत गुंडाळी जळते. फिरत असतांना फेज गेली तर मोटर रडतखडत चालते, तापते व तिचा सूर बदलतो. तेव्हां विहिरीकडून येणारी घूं-घूं ही कित्येकदां हजारों रुपयांच्या नुकसानीची आगाऊ वर्दी असते. फेज गेल्यास मोटर बंद पाडणारें साधन स्टार्टरांत बसलेलें आहे ना व तें चालतें ना, हें दिवसांच पाहून ठेवावें.

दुसरें कारण रोहित्र, ज्यास गांवोगांव डी.पी. म्हणतात. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० वेळां आवर्तन करितो. प्रत्येक आवर्तनांत रोहित्रांतील लोखंडी गाभा दोनदां किंचित् ताणतो व आखडतो. म्हणून त्याचा सूर सेकंदास १०० कंपनांचा असतो. मंद व सारखा हुंकार हा रोहित्राचा स्वभावच आहे. तो अचानक वाढला, त्यांत तडतड मिसळली किंवा तेल गळूं लागलें, तर स्वतः हात न लावितां वीज कंपनीस कळवावें.

तिसरें कारण हंगामी कारखाने. साखर कारखान्याचे पंखे व चरक गळीत हंगामांत, म्हणजे साधारणपणें दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, रात्रंदिवस चालतात. आवाज हंगामाबरोबर येऊन हंगामाबरोबर जात असेल तर निराळा पुरावा शोधण्याचें फारसें कारण उरत नाहीं. दूध थंड करण्याचीं केंद्रें, कोंबड्यांच्या घरांचे मोठे पंखे, द्राक्षांचीं शीतगृहें यांचाहि विचार करावा. सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारासारख्या ठिकाणीं जेथें पवनचक्क्या आहेत, तेथें वाऱ्याबरोबर कमीजास्त होणारा, पात्यागणिक ठेका धरणारा आवाज ओळखूं येतो.

चौथें कारण उघडी कूपनलिका. बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली असतां जसा सूर निघतो, तसा बोअरच्या उघड्या पाइपावरून वारा वाहिला तर निघतो. आवाज केवळ वाऱ्याच्या रात्रीं व एकाच दिशेच्या वाऱ्यांत येत असेल तर शिवारांतील सोडून दिलेले बोअर तपासावे. असा एक बोअर सांपडून त्यावर झांकण बसलें, तर आवाजाबरोबर एखाद्या लेकराचा जीवहि वांचेल.

पांचवें कारण मधमाशा. फुलोऱ्याच्या दिवसांत सातेरी माशा दिवसां आणलेला पातळ रस आटविण्यासाठीं रात्रभर पंखांनीं वारा घालतात. घराच्या भिंतींतील पोकळींत पोळें असेल तर तो गुणगुणाट भिंतीलाच कान फुटल्यासारखा वाटतो. हें शकुन-अपशकुनाचें लक्षण नसून मध पिकत असल्याचें लक्षण आहे.

येथें एक भेद सांगणें अवश्य आहे. मराठवाड्यांतील कांहीं गांवांतून, विशेषतः हिंगोली जिल्ह्यांतील पांगरा शिंदे या गांवाच्या परिसरांत, जमिनीच्या पोटांतून येणारे आवाज कित्येक वर्षें लोकांनीं ऐकले आहेत. ते आवाज एखादा स्फोट किंवा गडगडाट व्हावा तसे असतात, कांहीं क्षणांत संपतात आणि पुष्कळदां त्यांबरोबर भांडीं हालतात. रात्रभर एकसारखी चालणारी घूं-घूं या जातीची नव्हे. हिंगोली जिल्ह्यांत १० जुलै २०२४ रोजीं ४.५ महत्तेचा भूकंप झाला. आणि किल्लारीच्या परिसरांत ३० सप्टेंबर १९९३ च्या प्रलयापूर्वीं १९९२ मध्यें लहान धक्के बसले होते, हें विसरतां येत नाहीं. म्हणून गडगडाट व हादरा एकत्र असेल तर गांवांत माग काढीत न बसतां तारीख, वेळ लिहून तहसील कचेरीस त्याच दिवशीं कळवावें.

माग काढण्याची रीत

१. प्रथम कान तपासावा. दोन्ही कानांत बोटें घट्ट घातलीं असतां आवाज तसाच राहिला किंवा वाढला, व चार कोसांवरच्या पाहुण्याच्या गांवींहि तो पाठ सोडीना, तर तो बहुधा कानांतलाच आहे. कर्णनाद हा शरीराचा विकार आहे, वेड नव्हे. कानाच्या डॉक्टरास दाखवावें.

२. मग घर तपासावें. रात्रीं आवाज चालूं असतांना घराचा मुख्य विजेचा खटका दहा मिनिटें बंद करावा. शीतपेटी, इन्व्हर्टर, टाकीचा पंप व पंखे यांपैकीं कोणी दोषी असेल तर तो तेथेंच उघडा पडतो.

३. तिसरें काम वहीचें, व आमच्या मतें हेंच मुख्य. वहींत रकाने आंखावे : तारीख, आवाज सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, ऐकणारा कोठें होता, वारा कोणीकडचा, आभाळ निरभ्र कीं ढगाळ, वीज होती कीं नव्हती. निदान पंधरा रात्री खंड न पाडतां लिहावें. ज्या रात्रीं आवाज आला नाहीं ती रात्रहि लिहावी. पुष्कळ लोक तेवढीच गाळतात, आणि माग बहुधा तेथेंच असतो. दोन-तीन घरांनीं आपापल्या वह्या एकमेकांस न दाखवितां ठेवाव्या. साक्षीदारांचे जबाब वेगवेगळे घेण्याची जी रीत आहे, तिचें कारण येथेंहि लागू आहे.

४. वह्या जुळवून पाहाव्या. वीज जातांच आवाज जात असेल तर विजेचीं यंत्रें. वीज नसतांहि राहत असेल तर इंजिन, वारा, पाणी किंवा जीवजंतु. पाळीची वीज ज्या रात्रीं येते त्याच रात्रीं आवाज येत असेल तर पंप. अशा चार ओळींनीं निम्मे संशयित मोकळे होतात.

५. मग गांवाचा नकाशा घ्यावा. पांच-सहा माणसांनीं ठरल्या वेळीं निरनिराळ्या गटांत उभें राहून, आवाज मोठा, बेताचा किंवा नाहीं, एवढेंच टिपावें. कोणीकडून आला हें विचारूं नये, कारण तें कानास कळत नाहीं. सर्व टिपणें नकाशावर मांडलीं म्हणजे आवाज कोणत्या बाजूस वाढत जातो हें दिसतें. मोबाइल फोनवर आवाज नोंदविण्याची सोय आहे खरी, परंतु फोनचा ध्वनिग्राहक माणसाच्या बोलण्यासाठीं घडविलेला असल्यानें अति खोल सूर त्यांत नीट उतरत नाहीं. फोनांत आला नाहीं म्हणून आवाज नव्हता असें ठरवूं नये.

६. शेवटीं बंद करून पाहावें. ज्याच्या यंत्रावर संशय आहे त्यास आळ न घेतां भेटावें व 'दहा मिनिटें बंद ठेवूं द्या' अशी विनंति करावी. ऐकणाऱ्यानें आपल्या घरीं बसून घड्याळ पाहून आवाजाच्या वेळा लिहाव्या. यंत्रापाशीं दोन पंचांनीं बंद-चालूं केल्याच्या वेळा लिहाव्या. केव्हां बंद होणार हें ऐकणाऱ्यास कळूं देऊं नये. असें तीनदां करावें. दोन्ही कागद तिन्ही वेळां जुळले तर वाद संपला. न जुळले तर तो शेजारी निर्दोष ठरला, हाहि मोठाच लाभ आहे.

सरकारी मोजमापाविषयीं

समजुतीनें काम न झाल्यास कायद्याचा आधार आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांअन्वयें रहिवासी भागांत आवाजाची मर्यादा दिवसां ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ठरविलेली आहे. मात्र अर्जदारानें एक गोष्ट समजून घ्यावी. हे आंकडे ज्या मापानें घेतात, त्यास 'ए' भाराचें माप म्हणतात. माणसाच्या कानास खोल सूर कमी ऐकूं येतात म्हणून या मापांत त्यांची मोठी वजावट होते : सेकंदास ६३ कंपनांच्या सुरास सुमारें २६ डेसिबल, व ३१.५ कंपनांच्या सुरास सुमारें ३९ डेसिबल. म्हणजे जो घुमारा खिडक्या हालवितो तोहि सरकारी मापांत मर्यादेच्या आंत दिसूं शकतो. म्हणून अर्जांत 'आवाज फार मोठा आहे' एवढेंच न लिहितां, आवाज खोल सुराचा असल्यानें कंपनसंख्येप्रमाणें पृथक् मोजणी व्हावी, अशी स्पष्ट मागणी करावी व सोबत वहीच्या नकला जोडाव्या. तोंडी तक्रारीस कचेरींत पाय नसतात. तारीखवार नोंदींस असतात.

उगम सांपडल्यावर उपाय पुष्कळदां स्वस्त असतो. सैल झालेले बोल्ट आवळणें, मोटरीखालीं जाड रबर घालणें, झिजलेलें बेअरिंग बदलणें, भिंतीला टेकलेला पाइप सोडविणें, एवढ्यानेंहि काम भागतें. खर्च दोघांनीं मिळून केला तर स्नेहहि राहतो.

सर्व करूनहि माग लागला नाहीं, तर टाओसच्या शास्त्रज्ञांप्रमाणें 'सांपडला नाहीं' असें लिहून वही जपून ठेवावी. ऐकणाऱ्यास खोटा म्हणूं नये व शेजाऱ्यास गुन्हेगार म्हणूं नये. विंडसरच्या लोकांस नऊ वर्षें थांबावें लागलें. परंतु भट्ट्या ज्या दिवशीं थंड झाल्या त्या दिवशीं त्यांजपाशीं जुळवून पाहण्यास नोंदी तयार होत्या. त्या नसत्या तर आवाज थांबला एवढेंच कळलें असतें, कोणाचा होता हें कळलें नसतें. शिवेचा दगड हलला तर गांवनकाशावरून तो पुन्हां जागीं बसवितां येतो, पण नकाशा आधीं काढून ठेवलेला असावा लागतो. तरी आमच्या शेतकरी बंधूंनीं या थंडीच्या दिवसांत तशी घूं-घूं कानीं आल्यास, शेजाऱ्याचें दार ठोठावण्यापूर्वीं एक कोरी वही घ्यावी व पहिली तारीख त्याच रात्रीं टाकावी, एवढीच विनंति आहे.